तोंडी अट

"जागा हाय का जी? पेपरात वाचलं."

फोन उचलताना तिकडच्या बाईचा आवाज चांगला हसरा होता. "हॅलो, बोला ना," म्हणाली होती. माझं एवढं ऐकलं अन् आवाजातलं हसू गेलं. मग म्हणाली, "नाही हो. दिली गेली."

मी फोन ठेवला. सकाळचे साडेआठ वाजले होते. जाहिरात त्याच दिवशीच्या पेपरात होती अन् पेपर येऊन दीड तास झाला नव्हता. फोनबूथवाले परब मीटरकडे पाहत होते. चार दिवस रोज सकाळी मी त्यांच्याकडेच येत होती, म्हणून ओळख झाली होती.

"हा नववा ना, ताई?" त्यांनी विचारलं. "रागावणार नसाल तर एक सांगू? पुण्यात चार दिवसांत नऊ जागा अशा जात नाहीत. तुम्ही तोंड उघडलंत की जागा जाते."

"मी काय वंगाळ बोलली?"

"वंगाळ नाही हो. तुमचं ते 'हाय का जी' ऐकलं की माणूस सावध होतो. मी मालवणचा. गिऱ्हाईकाशी मालवणीत बोललो असतो तर हा बूथ चालला असता का? दोन मिनिटं नीट बोलायचं, आपलं काम काढायचं."

"अन् घरी?"

"घरी आता कोणाला येतच नाही मालवणी," ते म्हणाले अन् सुटे पैसे माझ्या हातात ठेवले.

मी ही गोष्ट जशी बोलते तशीच सांगून राहिली. 'ण' लिहिते, कारण कारंज्याच्या शाळेत मास्तरनं तो छडीनं शिकवला. पण 'मले'चं 'मला' मी करणार नाही. काऊन नाही करणार, तेच सांगायचं आहे. ज्याले पटत नसंल त्यानं इथूनच परत फिरावं, माझं काही म्हणणं नाही.

शहाण्णव सालचा नोव्हेंबर. माझी जुई पाच वर्षांची होती. जन्मापासून तिले ऐकू येत नव्हतं, अगदी थोडं सोडून. तिसऱ्या वर्षी मशीन मिळालं. आजच्यासारखं कानामागं दडणारं नाही, छातीवर कापडी पिशवीत काड्यापेटीएवढा डबा अन् त्याच्या दोन वायरी दोन्ही कानांत. पुण्याच्या बहिऱ्या पोरांच्या एका शाळेच्या आगाशेबाई अकोल्याले शिबिर घेत. त्यांनी मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, "शालिनी, मशीन आवाज आणेल, भाषा तुला आणायची आहे. दिवसभर बोलायचं. भाजी चिरतेस, सांग. दार उघडतेस, सांग. मोठ्यानं, तिच्या तोंडासमोर, तेच तेच, हजार वेळा."

मी दोन वर्षं बोलली. गल्लीतल्या बाया हसत, म्हणत, गावंड्याची बायको येडी झाली, भिंतीशी बोलते. अन् जुई बोलायले लागली. बाईंनी एक वही करायले लावली होती. पोरगी जो शब्द आपल्या मनानं बोलंल तो त्या दिवसाखाली लिहायचा, ती जसा बोलते तसाच लिहायचा. पहिला शब्द होता 'पानी'. त्या नोव्हेंबरात वहीत चौसष्ट शब्द होते. तेवढे चौसष्ट शब्द मले माह्या लग्नातल्या सगळ्या सोन्यापेक्षा जास्त होते.

दिवाळीनंतर बाईंच्या शाळेत एक जागा रिकामी झाली. पण त्या शाळेत आईले रोज पोरीसोबत वर्गात बसावं लागे, म्हणून घर जवळ पाहिजे, असा नियम. आठ दिवसांत पत्ता द्यायचा, नाही तर यादीतल्या पुढच्या पोरीले बोलवतील. जुईचे बाबा कारंज्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, त्यांना नोकरी सोडता येत नव्हती. आम्ही मायलेकी भोसरीले त्यांच्या आतेभावाकडे उतरलो होतो. एका खोलीत सात माणसं अन् शाळेत यायले दोन बसा. पोर सहा वर्षांचं झालं की शब्द धरणं कठीण होत जाते, हे मले बाईंनीच सांगतलं होतं. म्हणून मी रोज सकाळी त्या बूथमध्ये उभी राही.

त्या नऊ जणांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, नवरा काय करते विचारलं नाही. भाडं परवडते का, एवढंही कोणी विचारलं नाही. एकानं मात्र खरं सांगतलं, "आम्हाला जरा सुसंस्कृत कुटुंब हवंय." माझं कुटुंब त्यानं पाहिलं कुठं होतं?

त्या दिवशी शाळेत मी बाईंना सांगतलं. त्यांनी माह्या हातातला पेपर घेतला, सकाळचाच नंबर फिरवला अन् म्हणाल्या, "नमस्कार. जागेच्या जाहिरातीसंबंधी फोन केला होता. अजून उपलब्ध आहे का?"

फोनचा आवाज मोठा होता. मले ऐकू आलं. तोच हसरा आवाज होता. "हो हो, आहे ना. केव्हा येताय बघायला?"

बाईंनी पत्ता लिहून घेतला, दुपारी येतो म्हटलं अन् फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"तुम्ही चाला ना संगं," मी म्हटलं.

"नको. तूच जा. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. समोर माणूस उभं राहिलं, कडेवर लेकरू असलं, की जड जातं."

मनातून मले जायचं नव्हतं. ज्या दारात एकदा हाड केलं, तिथं पुन्हा कशाले जा? पण चार दिवस उरले होते.

लिमयांचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. समोर बंगला, मागं अंगण, अंगणाच्या टोकाले दोन खोल्या. भाड्याच्या त्याच. दार लिमयेकाकूंनी उघडलं. गोऱ्या, बारीक, चेहऱ्यानं खरोखर चांगल्या.

"नमस्कार जी. जागा पाह्यले आली."

त्यांनी मले ओळखलं. म्हणजे माह्या आवाजाले ओळखलं. "सकाळी तुम्हीच का फोन केला होता?"

"हाव, मीच."

"अहो, काहीतरी गैरसमज झाला असेल," असं म्हणून त्यांनी दार पूर्ण उघडलं. बाईंचं खरं झालं. जुई माह्या कडेवर होती अन् काकूंच्या नाकातल्या चमकीकडे बोट दाखवून राहिली होती.

लिमयेकाका आरामखुर्चीत बसले होते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. माणूस सज्जन, आवाज खालचा, बोलणं एकदम तोलूनमापून. जुईच्या मशीनबद्दल त्यांनी नीट विचारलं. खोल्या दाखवल्या. मग म्हणाले, "आमची एक अट आहे. करारात नाही, तोंडीच सांगतो. आमची सून नोकरी करते. नातू चार वर्षांचा आहे, दिवसभर या अंगणात खेळतो. मुलं ऐकतात ते उचलतात. तेव्हा तुमचं बोलणं जरा..."

"जरा काय जी?"

"स्वच्छ असावं."

मी रोज आंघोळ करते, असं ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. म्हटलं, "काका, मले दिवसभर बोलावं लागते. अन् मोठ्यानं. ह्या पोरीसाठी."

तेव्हा काकू बोलल्या, अन् फार प्रेमानं बोलल्या. "मग उलट बरंच आहे की. तिची तर कोरी पाटी आहे. पहिल्यापासून शुद्धच शिकवा ना तिला. आधी चुकीचं शिकवायचं आणि मग खोडत बसायचं कशाला? मोठेपणी तिलाच सोपं जाईल बघा."

चौसष्ट शब्दांची पोर माह्या कडेवर होती अन् ही बाई तिले कोरी पाटी म्हणून राहिली होती. मले राग यायले पाहिजे होता. खरं सांगते, राग आला नाही. वाटलं, हिचं बरोबर असंल. मी अडाण्यासारखी बोलते म्हणून मले नऊ जणांनी हाकललं, उद्या पोरीलेही हाकलतील. ऐकू येत नाही हे एक अन् बोलली तर असं बोलते हे दुसरं. कशाले दोन ओझी द्यायची तिले?

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी म्हटलं, "बरं. बोलीन नीट."

संध्याकाळी जिनिंगमध्ये फोन केला. जुईचे बाबा म्हणाले, "घेऊन टाक ना मंग. बोल जरा त्यायच्यावानी. तुही काय जीभ झिजते?"

काकांनी करार स्वतःच्या हातानं लिहिला. अकरा महिन्यांचा. अक्षर असं की कागद भिंतीवर लावावा. एकेक कलम वाचून दाखवलं. त्यात बोलण्याचं कलम नव्हतं. मी सही केली अन् दुसऱ्या दिवशी शाळेत पत्ता दिला.

मग आमचं शुद्ध बोलणं सुरू झालं. घ्या बाप्पा, काय तमाशा होता तो. सकाळी उठली की मी आधी मनात वाक्य जुळवी, मग बोले. 'पानी पाह्यजे का वं?' असं विचारायची सवय. त्याच्या जागी, "जुई, तुला पाणी हवं आहे का?" 'काय करून राह्यली?' च्या जागी, "काय करतेस तू?" दुसऱ्याच्या पायातल्या चपला घालून चालल्यासारखं. आवाजही बारीक केला. काकू खिडकीतून ऐकत अन् मान हलवत. एकदा लिंबाच्या लोणच्याची वाटी दिली. म्हणाल्या, "बघा, जमतंय की."

मले तेव्हा बरं वाटलं होतं. आता त्याची लाज वाटते.

जुई मात्र बदलून गेली. पहिले दोन दिवस ती माह्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी माझे गाल धरले अन् तोंड आपल्याकडे वळवलं. तोंड तिच्याकडेच होतं. तरी तिनं पुन्हा वळवलं, पुन्हा पाहिलं. चौथ्या दिवशी पाणी पाहिजे होतं तर 'पानी' म्हटलं नाही, माठाकडे बोट दाखवलं. तीन वर्षांची असताना दाखवत होती तसं. मी म्हटलं, थकली असंल, नवी जागा आहे.

आठव्या दिवशी दुपारी मी तिले जवळ घेऊन सांगत होती, "ही बघ वांगी. मी वांगी चिरते आहे." तिनं ऐकलं, मग कानातल्या दोन्ही वायरी काढल्या. पिशवीतून मशीन काढलं. हलवलं, कानाजवळ नेलं, पुन्हा हलवलं. अन् ते माह्या हातात आणून दिलं. रडली नाही. खेळणं मोडलं की आणून देत होती तसं आणून दिलं.

मी सेल बदलले. वायरी बदलल्या. लावलं. मी म्हटलं, "आता ऐकू येतं आहे का?" तिनं पुन्हा काढलं अन् पुन्हा माह्या हातात ठेवलं.

बाई आठ दिवस अकोल्याच्या शिबिराले गेल्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. शाळेत गेल्या गेल्या मी त्यांना म्हटलं, "मशीन बिघडलं आहे."

बाईंकडे डॉक्टरच्या नळीसारखी एक नळी होती, मशीनले जोडून आपल्या कानात घालायची. त्यांनी दोन्ही कानांचं तपासलं. मग जुईच्या कानात वायरी लावल्या, तिच्या मागं गेल्या, तोंडासमोर कागद धरला अन् हळूच हाक मारली. जुईनं वळून पाहिलं.

"मशीन चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "वही दाखव."

वहीत आठ दिवसांत एकही शब्द नव्हता. त्यांनी पानं मागं उलटवली, जुईसमोर चित्रं ठेवली, एकेक शब्द विचारला. चौसष्टातले अकरा गेले होते. 'पानी' गेला होता.

"घरी काय बदललं?"

"काही बदललं नाही, बाई. सगळं व्यवस्थित आहे. जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत."

बाई माह्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"शालिनी, तू अशी कधीपासून बोलायला लागलीस?"

मी सांगतलं. सगळं सांगतलं, अट, लोणचं, सगळं. सांगता सांगता माझं 'मले' परत आलं अन् त्याच्यासंगं रडू आलं.

"कोरी पाटी," बाई म्हणाल्या. एवढं कडू तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. "अगं, तिची पाटी दोन वर्षं तू भरलीस. तिला जे थोडं ऐकू येतं त्यात ती शब्द ओळखत नाही, तुझा हेल ओळखते, तुझं तोंड ओळखते. आठ दिवस घरात कोणी परकी बाई बोलते आहे. तिला वाटलं मशीन बिघडलं. ती दुसरं काय समजणार? तुला सांगू शकते का ती, की आई, तू कुठे गेलीस?"

"मले वाटलं पोरीचं भलं होईल."

"शुद्ध बोलायला तिला शाळेत शिकवू, पुढे, हवं तेव्हा. आधी तिला एक तरी भाषा पूर्ण येऊ दे. ती तुझ्याकडेच आहे."

"अन् खोली गेली तर?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "शाळेतली जागा मी आठ दिवस थोपवू शकेन. त्यापुढे नाही. साताऱ्याची एक मुलगी यादीत आहे. तिचीही आई रोज फोन करते."

मी घरी निघाली. कडेवर पोरगी, मनात नुसता जाळ. लिमयांचा राग होता, पण त्याच्यापेक्षा माझा होता. दोन वर्षं घशाले कोरड पडेस्तोवर जे दिलं ते मी आठ दिवसांत स्वतःच्या तोंडानं काढून घेतलं. अन् कशासाठी, तर दोन खोल्या अन् एका वाटी लोणच्यासाठी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथं तोंड मीच दाबलं होतं.

अंगणात आली. तिले पायरीवर बसवलं, विळी बाहेर आणली, वांगी घेतली. अन् कारंज्याच्या गल्लीत बोलत होती त्या आवाजात सुरू केलं.

"जुई, पाह्य वं इकडं. माय काय करून राह्यली? वांगं चिरून राह्यली. पाह्य, कसं जांभळं हाय. आत पांढरं हाय. याच्यात कीड हाय, फेकून देऊ. भूक लागली का वं तुले?"

ती मातीत रेघा ओढत होती. हात थांबला. तिनं वर पाहिलं, अन् छातीवरचं मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आता पुन्हा बंद पडू नये असं. उठून आली, माझे गाल धरले.

"माय आली," ती म्हणाली.

मी रडत होती अन् बोलत होती. "आली ना वं, आली. कुठी नाई जात आता." आत गेली, चूल म्हणजे स्टो पेटवला, कढई ठेवली, तेल ओतलं, एकेक गोष्ट ओरडून सांगतली. बंगल्याच्या वरच्या मजल्याची खिडकी उघडली. मग मागचं दार उघडलं. लिमयेकाका अंगणात आले. मी बाहेर गेली.

"शालिनीबाई, आपलं काही ठरलं होतं."

"हाव काका. ठरलं होतं. ते मी मोडलं."

असं उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. "म्हणजे?"

"म्हंजे पोरगी मुकी होऊन राह्यली माह्यी. अकरा शब्द गेले तिचे. मी आता माह्यासारखीच बोलीन. मोठ्यानं बोलीन. दिवसभर बोलीन. तुमच्या नातवाच्या कानावर पडंल. त्याले काई होत नाई, झालं तर एक भाषा जास्त येईल."

"मग तुम्हाला जागा सोडावी लागेल. करारात एक महिन्याची नोटीस आहे."

"लिहून द्या."

"देतो की."

ते खरंच आत गेले, पॅड अन् पेन घेऊन आले, अंगणातल्या खुर्चीवर बसले. खोली जाणार, शाळा जाणार, भोसरीच्या त्या खोलीतून परत कारंजा. पण आता पाय मागं घेतला तर पोरगी जाणार होती.

"काका, कारण लिहा त्याच्यात."

"कारण लिहिण्याची आवश्यकता नसते."

"मले लागते. हा कागद मी शाळेत देणार हाय. माह्या पोरीची जागा काऊन गेली ते तिथं समजलं पाह्यजे. तुमचं अक्षर चांगलं हाय, सगळ्यायले वाचता येईल."

त्यांनी तारीख लिहिली. माझं नाव लिहिलं. 'आपणांस कळविण्यात येते की' इथपर्यंत पेन सरळ आलं अन् थांबलं.

"वर्तणूक," ते पुटपुटले.

"काय वर्तणूक केली म्या? भांडली? कचरा टाकला? कोनाले शिवी देली?"

"गोंगाट होतो."

"नातू तुमचा दुपारभर डबे बडवते. त्याले नोटीस देली का?"

वरून खिडकीतून काकू म्हणाल्या, "अहो, भाषेमुळे म्हणून लिहा ना. खरं तेच आहे."

काकांनी वर पाहिलं. "तसं लिहिता येत नाही."

"काऊन नाई येत?" मी विचारलं.

"ते बरं दिसत नाही."

"करायले बरं दिसते, लिहायले नाई?"

पेन कागदावर तसंच टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला. हातानं आयुष्यभर सरकारी कागद लिहिलेला माणूस. हजारो लोकांना कारणं लिहून दिली असतील. माह्यासाठी त्यांना एक ओळ सापडत नव्हती, अन् ती काऊन सापडत नव्हती हे त्यांना माझ्याइतकंच समजत होतं.

तेवढ्यात जुई पुढं गेली. तिले कागद आवडत. खुर्चीजवळ उभी राहून तिनं त्या ठिपक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग माह्याकडे.

"आबा काय लिवते?"

'क' तिच्या घशात अडकत होता, परक्याले तो ऐकू आला नसता. मले सगळं ऐकू आलं. पाच वर्षांत तिनं वस्तू मागितल्या होत्या, नावं घेतली होती, नाही म्हटलं होतं. विचारलं कधीच नव्हतं. पोर प्रश्न विचारायले लागलं की समजायचं, भाषा आता त्याची स्वतःची झाली. हे मले कोणी शिकवलं नव्हतं, त्या क्षणी आपोआप समजलं.

"काय म्हणते ती?" काका म्हणाले. माह्याकडेही न पाहता, पॅडकडे पाहत.

"विचारून राह्यली, आबा काय लिवते. आजपावतो तिनं कोनाले काई विचारलं नव्हतं. तुमाले पह्यलं विचारलं. सांगा तिले."

"तुम्हीच सांगा."

"मले नाई विचारलं. तुमाले विचारलं. अन् असं खाली पाहून नका सांगू, तिले समजत नाई. तोंड वर करा. तिच्या तोंडासमोर आणा. तिले ओठ दिसले पाह्यजे. हळू सांगा, एकेक शब्द. सांगा तिले, तुही माय खराब बोलते म्हून तुमाले घराबाहेर काढून राह्यलो."

वरच्या खिडकीत काकूंनी पदर तोंडाले लावला होता. नातू त्यांच्या काखेतून डोकं काढून पाहत होता.

काकांनी तोंड वर केलं. जुई एकदम जवळ सरकली, मी शिकवलं होतं तशी, अन् डोळे त्यांच्या ओठांवर लावले. ती फार मन लावून पाहते. तिच्यासमोर बसलेल्या माणसाले दुसरीकडे पाहता येत नाही. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी जागची हलली नाही, मधात बोलली नाही, त्यांना सोडवलं नाही. जेवढा वेळ लागला तेवढा लागू दिला.

मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. कागद पॅडमधून फाडला, दोनदा घडी घालून खिशात ठेवला.

"राहा," ते म्हणाले. जुईकडे पाहून, हळू, ओठ दिसतील असं.

"राहूनच राह्यलो जी," मी म्हटलं. तेल जळल्याचा वास येऊन राहिला होता, म्हणून मी आत गेली, अन् आतून पोरीले मोठ्यानं सांगतलं, इकडं ये वं, पाह्य, आपलं तेल जळून गेलं.